वाटणीच्या गोळ्या

मोहाच्या फुलांचा वास चांगला असतो असं मी म्हणणार नाही. गोड असतो, पण जडही असतो, आणि बंद खोलीत फुलं राहिली तर डोकं धरतं. तरी दरवर्षी होळी सरली की मोहर्लीकडचा माझा एक पेशंट, पर्यटकांना घेऊन जंगलात जिप्सी चालवणारा, सुकवलेल्या फुलांची पिशवी माझ्या टेबलावर आणून ठेवतो. "ठेवा म्याडम, घरच्या झाडाची आहेत," म्हणतो. बाहेर बसणारी माझी मदतनीस नाक मुरडते आणि खिडकी उघडायला धावते. मी तिला रागावते. खिडकीतून यायचं काय, तर चंद्रपूरचं ऊन आणि कोळशाची धूळ. मी पिशवीचं तोंड सोडते, वास घेते, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावते. त्या दिवशी मात्र प्रत्येक छातीवर माझा स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ टेकून राहतो.

त्या वासाबरोबर मला एक उन्हाळा आठवतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच एम.डी. होऊन भामरागडच्या वाटेवर, जंगलातल्या एका लहानशा रुग्णालयात रुजू झाले होते. आमचं घर चंद्रपूरचं, अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान. पिंजाऱ्याच्या घरातली पोरगी डॉक्टर झाली म्हणून मोहल्ल्यात मिठाई वाटून झाली होती, आणि तीच पोरगी जंगलात चालली म्हणून अम्मीनं जेवण सोडलं होतं. माझी वळकटी बांधताना अब्बांनी गादीत मुठीमुठीनं कापूस वाढवला, एवढंच मी पाहिलं.

तिथे पोचल्यावर पहिली गंमत कळली ती ही, की मोह गळायला लागला की आजारी माणसं नाहीशी होतात. आदल्या आठवड्यापर्यंत व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसायची, आणि अचानक सगळं सुनं. उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली असे, त्या काळ्या जमिनीवर रात्रभर गळालेली फिकट पिवळी फुलं पडलेली असत. वर्षभराच्या मीठ-तेलाची सोय तिथे पडलेली असताना ताप आला म्हणून दवाखान्यात कोण येतो? यायचे ते फक्त अस्वलानं फाडलेले. अस्वलालाही मोह आवडतो, आणि पहाटेच्या अंधारात दोघं एकाच झाडाखाली वाकले की माणसाचीच कवटी सोलून निघते. त्या दिवसांत मी टाके घालायला शिकले.

म्हणून ऐन मोहात सोमीला खाटेवरून आणलेलं दिसताच मी हातातलं काम टाकून बाहेर आले. चार माणसांनी मोह सोडून खाट खांद्यावर घेतली, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. सोमी माडिया बाई, वयानं विशीच्या आसपासची, अंगानं काडीसारखी. खाटेवर ती आडवी नव्हती, बसली होती. गुडघ्यांवर हात रोवून, मान पुढे काढून श्वास ओढत होती. ओठ निळसर, गालांवर मात्र लाली, आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस येत होता. सोबत तिचा नवरा विज्जा. त्याला मराठी जेमतेम, मला माडिया अजिबात नाही. आमच्या मधे कौशल्याबाई. या आमच्या वॉर्डातल्या जुन्या परिचारिका, गडचिरोलीकडच्या, इतकी वर्षं तिथे काढलेल्या की दोन्ही भाषांत सारख्याच खणखणीत भांडायच्या.

"याहीले टीबीची दवाई झाली म्हनते," कौशल्याबाईंनी विज्जाचं ऐकून मला सांगितलं. "पुरी खाल्ली. रगत पडनं थांबलं नाई."

यात कुणाला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. त्या भागात खोकला, रक्त आणि वाळलेलं शरीर एकत्र दिसलं की शंभरातला प्रत्येक डॉक्टर आधी टीबीच म्हणेल, मीही म्हटलं असतं. पण टीबीचा रोगी निजू शकतो. ही निजू शकत नव्हती.

आधी शिरेतून लघवीचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. फुप्फुसांत भरलेलं पाणी उतरायला लागलं, बुडबुडे कमी झाले, तेव्हा तिला हळूच डाव्या कुशीवर कलतं केलं आणि स्टेथोस्कोपची लहान घंटी डाव्या स्तनाखाली अगदी हलकी टेकवली. दाबून ठेवली तर तो आवाज हरवतो. विज्जाला श्वास रोखून उभं राहायला सांगितलं, कौशल्याबाईंनी व्हरांड्यातल्यांना दटावून गप्प केलं. पहिला ठोका कडक, टेबलावर बोट आपटल्यासारखा. आणि मग दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, फार खाली, शेजारच्या घरात कुणी जातं ओढत असावं तशी घरघर.

लहानपणी कधीतरी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, पोर लंगडतं, मग खेळायला लागतं आणि घरचे विसरतात. हृदय विसरत नाही. त्याच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मधे एक झडप असते, ती आतल्या आत जाड होत जाते, कडा चिकटतात, दार किलकिलं होतं. मागचं रक्त पुढे सरकत नाही, ते फुप्फुसांत तुंबतं. बाई डोक्यावर पाण्याची हंडी घेऊन चढ चढते आणि अर्ध्यात थांबते. लोक म्हणतात आळशी झाली. सोमीलाही म्हणत होते. हे तिनं मला बऱ्याच नंतर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज.

आपल्या भाषेत काळीज आणि हृदय यांची केव्हाच सरमिसळ होऊन गेली आहे. काळीज तुटतं, काळजाला घरं पडतात, आणि खाटकाकडे काळीज मागा, तो यकृत तोलून देतो. मेडिकलला असताना आम्ही यावर हसायचो. सोमीच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला तेव्हा हसू आलं नाही. हृदय थकलं की रक्त मागे यकृतातही तुंबतं, ते सुजतं. मी तिथे दाब दिला आणि तिच्या मानेतली शीर दोरीएवढी फुगून वर आली. म्हणजे काळजावर हात ठेवला की हृदयाचं दुखणं खरंच कळतं. ज्यांनी ही भाषा बोलून बोलून घडवली त्यांना ते माहीत असेल असं नाही, पण मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल आदर वाटला.

इलाज एकच होता. नागपूरला मोठ्या इस्पितळात मांडीच्या शिरेतून एक फुगा आत सरकवून ती चिकटलेली झडप उघडायची. मी पत्र पाठवलं, फोन लावले. फोन लागला तर लागला, अशी तिथली लाइन. उत्तर आलं ते दिवाळीनंतरच्या तारखेचं. रांग मोठी होती, आणि रांगेतला प्रत्येक जण सोमीसारखाच कुठून तरी दम खात आलेला असणार. म्हणजे सोमीला उन्हाळा काढायचा होता, आणि मग पावसाळा. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की पूल पाण्याखाली जायचा, आणि तिचं गाव नदीपलीकडे, आत. औषध पोचलं नाही तर ती दिवाळी बघणार नव्हती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि ते माझ्या उशाशी बसून होतं.

वॉर्डात पाठ टेकायला वर होणाऱ्या खाटा नव्हत्या. मी अब्बांना निरोप धाडला. त्यांनी उलट विचारलं, "दिल के मरीज़ को नरम चाहिए या सख़्त?" हा प्रश्न मला कुठल्या प्राध्यापकानं विचारला नव्हता. सख्त, मी कळवलं. मग एसटीच्या टपावरून ठासून भरलेले तक्के आले, लाल फुलाफुलांच्या कापडाचे, लग्नाच्या बैठकीला शोभतील असे. सोमीच्या पाठीमागे आम्ही ते रचत होतो आणि जसजसं पाणी उतरत गेलं तसे एकेक काढत होतो. तिची सुधारणा मी तक्क्यांवरून ओळखायची. एका सकाळी फेरीला गेले तर सगळे तक्के खाली रचलेले, आणि सोमी सपाट आडवी. डोळे उघडे, छताकडे. मला बघून ती मराठीत बोलली, पहिल्यांदाच.

"बाई, मी झोपली."

इतकं साधं वाक्य. निरोगी माणसाला ते कधी बोलावं लागत नाही.

मीठ कमी, ओझं नाही, आणि रोज दोन गोळ्या. एक लघवीची, एक हृदयाचे ठोके आवरणारी. कौशल्याबाईंनी समजावलं, विज्जानं प्रत्येक वाक्याला मान हलवली, आणि ती दोघं मोहाच्या दिवसांत घरी गेली. फुलं अजून गळत होती.

ती परत आली तेव्हा मोह संपायला आला होता. खाट तीच, माणसं तीच, गुडघ्यांवर रोवलेले हात तेच. मी चिडले. आधी स्वतःवर, डोस चुकला असेल म्हणून, मग मिठावर, मग विज्जावर. हंड्या उचलायला लावल्या असतील, बोला! विज्जा शांतपणे उभा होता. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा ऑक्सिजन, पुन्हा अब्बांचे तक्के. तिला बोलता यायला लागल्यावर कौशल्याबाई तिच्या खाटेशी बसल्या. बराच वेळ दोघींचं माडियात चाललं होतं. मग कौशल्याबाई उठून माझ्याकडे आल्या, आणि इतक्या वर्षांत सगळं बघून बसलेल्या त्या बाईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"म्याडम, गोळ्या गावात वाटल्या याहीनं."

"वाटल्या म्हणजे?"

"वाटल्या म्हंजे वाटल्या. घराघरात. शिकारीचं मटन वाटते तशा."

विज्जानं ते ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराध्याची छाया नव्हती, उलट आपण रीत चुकलो नाही याचं समाधान होतं. "आनलं तं वाटाच लागते ना, बाई," तो मला समजावत म्हणाला. "येवढ्या जनांनं खाट उचलली. मोह सोडला. एकटीनंच कशी खावाव?"

त्यांच्या गावात जंगलातून जे येईल ते सगळ्यांचं. डुक्कर पडलं तरी सगळ्यांचं आणि ससा पडला तरी सगळ्यांचा, मग एका घराला बोटभर तुकडा का येईना. मध, मासळी, सगळं तसंच. आजारी घराचा वाटा आधी काढतात. गोळ्याही बाहेरून आलेल्या होत्या, अनेकांच्या खांद्यांवरून आलेल्या होत्या, आणि चांगल्या होत्या हे सोमीला बघून सगळ्यांना पटलं होतं. मग लपवून कशा खायच्या? सोमीच्या वाट्याला थोड्या दिवसांच्या उरल्या. त्या तिनं इमानानं घेतल्या. संपल्या, आणि पाणी चढलं.

मला घाम फुटला तो दुसऱ्याच विचारानं. ठोके आवरणारी ती गोळी धडधाकट माणसाला खेळणं नव्हे, आणि लहान पोराच्या हाती लागली तर जीव घेईल. सोमीची अवस्था जरा सावरताच मी कौशल्याबाईंना घेऊन निघाले. जीप जाईल तिथवर जीप, पुढे पायी. वाटेत तेंदूची नवी पानं लाल-हिरवी निघाली होती, आणि मी देवाला, खरं सांगायचं तर सगळ्याच देवांना, एवढंच मागत होते की एखादं पोर दगावलेलं नको.

नव्हतं. पोरांनी गोळी कडू लागली म्हणून थुंकून टाकली होती. एका बाईला खूप ओकाऱ्या झाल्या होत्या, आता बरी होती. एका घरानं आपला वाटा खाल्लाच नव्हता, चिंधीत बांधून दारावर टांगला होता, रोग आत येऊ नये म्हणून. माझा अर्धा राग तिथेच गळाला. उरलेला मी भूमियासाठी राखून ठेवला. भूमिया म्हणजे गावाची पूजाअर्चा करणारा आणि गावाचा शब्द ज्याच्यापाशी संपतो तो माणूस. वय झालेलं, पण ताठ. तो आपल्या घराच्या खांबाला टेकून बसला होता. सगळं गाव जमलं.

मी बोलले. भरपूर बोलले. हे मटण नाही, हा मध नाही, हे तिच्या मापानं शिवलेलं औषध आहे, तुम्ही खाल्लं तर तुम्हाला विष आणि तिच्या तोंडचा श्वास तुम्ही काढून घेता. कौशल्याबाई माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत ते सांगत होत्या. लोक ऐकत होते.

मला कळावं म्हणून भूमिया तोडक्या मराठीत म्हणाला, "सगळे बसून राह्यले, आन तिनं एकटीनं खायचं?"

"हो, भाऊ."

"ते मरून जाईल शरमेनं."

"नाही खाल्लं तर दम लागून मरेल."

तो गावाकडे वळून त्यांच्या भाषेत मोजकंच बोलला. कौशल्याबाईंनी माझ्या कानाशी सांगितलं, "म्हनते, आजपासून ते दवाई कोनी शिवाची नाई. तिची आहे." एवढंच. दारावरची चिंधीसुद्धा कुणीतरी सोडून आणली आणि माझ्या हातात दिली.

निघताना मी त्याला नमस्कार केला आणि तेव्हा कुठे माझ्यातली डॉक्टर जागी झाली. इतका वेळ मी फक्त त्याच्याशी भांडत होते. आता पाहिलं तर तो बोलताना वाक्य तोडत होता, मधे श्वास घेत होता. पाय सुजलेले, बोट दाबलं की खड्डा तसाच राहणारे. मनगट हातात घेतलं. नाडीला ताल नव्हता, घाईचे ठोके, मधेच एक गाळलेला, पुन्हा घाई. खांबाला टेकून तो रुबाब म्हणून बसला नव्हता.

"भाऊ, तुम्ही खाल्ल्या होत्या गोळ्या?"

"वाट्याच्या खाल्ल्या," तो म्हणाला. मग जरा थांबून, "चांगल्या होत्या. आडवा झालो होतो."

सगळ्या गावात ज्या एका माणसाला त्या गोळ्यांचा खरोखर उपयोग झाला होता, त्यानंच आत्ता सगळ्यांसमोर आपला वाटा सोडला होता, आणि मला त्यातलं काही बोलला नव्हता. मी त्याला म्हटलं, तुमच्यासाठी वेगळ्या देते, तुमच्या मापाच्या, चला दवाखान्यात. तेंदू सुरू होतो आहे, त्याआधीची पूजा माझ्याशिवाय होत नाही, तो म्हणाला. पूजा झाल्यावर मात्र तो आला, पायी, दहा ठिकाणी बसत. वॉर्डात सोमीच्या शेजारची खाट त्याला दिली. त्याच्या पाठीशीही अब्बांचे तक्के लागले. त्या दोघांना मी सकाळच्या फेरीत शेजारी शेजारी बसलेलं पाहायची, एकाच दिशेला तोंड करून, एकाच लयीत दम घेत. पुढे लय मोकळी होत गेली. एक दिवस तोही सपाट निजला.

घरी जाऊन सोमीनं गोळ्या नेमानं घेतल्या. कशा, ते विज्जानं सांगितलं. रोज ती भिंतीकडे तोंड करायची, पदर ओढायची आणि पटकन गिळायची, चोरी केल्यासारखी. तिचं पाणी भरणं, धान कांडणं, तेंदूची पानं तोडणं बाकीच्या घरांनी आपसात वाटून घेतलं होतं. गोळी वाटता येत नाही म्हटल्यावर त्यांना काहीतरी वाटायला हवंच होतं. मी ऐकलं आणि मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं हे मी कौशल्याबाईंना कळू दिलं नाही, निदान त्यांनी तसं दाखवलं.

आता माझ्या दवाखान्यात बरं चाललेल्या घरांतली माणसं येतात. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून, बाजारपेठेतून, मोठ्या फायली घेऊन. एकाच घरात सासऱ्याचा डबा वेगळा, सुनेचा वेगळा, प्रत्येकावर नाव, वार, वेळ. गोळ्या चुकत नाहीत, आणि चुकू नयेत हेच मी त्यांना कडक शब्दांत सांगते. वैद्यकशास्त्र एका वेळी एकाच शरीराकडे बघतं. त्याला दुसरा मार्ग नाही, मी स्वतः त्याच मार्गानं पोट भरते. पण एखादा मुलगा म्हाताऱ्याला व्हरांड्यात बसवून आधी स्वतःचा रिपोर्ट दाखवायला आत येतो, तेव्हा मला ते खांद्यांवरून आलेलं ओझं आठवतं, मोहाच्या ऐन हंगामात जंगलातून चालत आलेली ती चार माणसं, ज्यांनी आपल्या झाडाखालची फुलं अस्वलांना सोडून दिली होती.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर सोमी आणि भूमिया दोघंही औषध न्यायला आली. तेंदू संपला होता, हवा कोंडली होती. सोमीला मी म्हटलं, इथेच राहा, दिवाळीपर्यंत खाट देते. तिनं विज्जाकडे पाहिलं, धानाची रोवणी कोण करणार म्हणाली, आणि मी पुढचं बोलले नाही. दोन पुडकी बांधली. एक तिचं, एक भूमियाचं, पावसाळाभर पुरेल असं मोजूनमापून, वर प्लास्टिक. त्याला उमगावं म्हणून एकेक गोळी तळहातावर ठेवून दाखवली.

"ह्या तिच्यासारख्याच दिसते," भूमिया म्हणाला.

"त्याच आहेत, भाऊ. पण तिच्या तिच्या आणि तुमच्या तुमच्या. एक दिवसही सोडायचा नाही."

"नाई सोडत," तो म्हणाला, आणि हसला. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग पाऊस आला आणि पर्लकोटानं पूल गिळला. तिथला पावसाळा शहरातल्या माणसाला सांगून कळायचा नाही. रस्ता जातो, मग तार जाते, मग बातम्या जातात. रुग्णालयात आम्ही आणि अडकलेले रोगी. पाणी गावांत शिरल्याचं उडत उडत कानावर यायचं, कुठल्या गावात ते कळायचं नाही. मी व्हरांड्यात उभी राहून पलीकडच्या हिरव्या अंधाराकडे बघायची आणि मनात त्या दोघांची फेरी घ्यायची. सोमीला रोवणीत वाकावं लागलं असेल का? म्हाताऱ्याचे पाय पुन्हा सुजले असतील का? रोग ओळखला होता, औषध बरोबर होतं, मापही बरोबर होतं. आणि तरी आता माझ्या हातात काही नव्हतं. इतकी असहाय मी पुढे कुठल्याही अतिदक्षता विभागात झाले नाही.

पुढचं सांगून टाकते. सोमी नागपूरला गेली. फुग्यानं झडप उघडली, ती घरघर इतकी पुसट झाली की माहीत नसणाऱ्याला ऐकू येऊ नये. पण माझ्या मनात त्या सगळ्या वर्षाचा शेवट नागपूरला होत नाही. तो होतो दसऱ्याच्या आसपासच्या एका सकाळी, पाणी उतरल्यावर, वाट सुकल्यावर.

सोमी चालत आली. खाट नव्हती, हातात काठी आणि शेजारी विज्जा. मी व्हरांड्याच्या पायऱ्या धावत उतरले. ती दमली होती, पण ओठ निळे नव्हते. मी तिच्या मागे वाटेवर पाहिलं. मागून कुणी येत नव्हतं.

"भूमिया?"

"गेला, बाई," विज्जा म्हणाला. "पोळ्याच्या पयले. बसल्या बसल्याच गेला. खांबाले टेकून."

मी पायरीवर बसले. सोमी माझ्यासमोर खाली बसली. पूर आला तेव्हा तिच्या घरात पाणी शिरलं होतं, ती सांगत होती, कौशल्याबाई मराठीत करत होत्या. तिचं घर नदीकडे, खालच्या अंगाला. धान्य गेलं, कोंबड्या गेल्या, गोळ्यांचं पुडकंही वाहून गेलं. तिला वाटलं, आता आपलं संपलं. मग भूमियानं तिला बोलावलं. त्याचं घर उंचावर, त्याच्याकडे सगळं कोरडं. रोज सकाळी तो तिला त्याच्या घरी बोलवायचा, गोळ्या हातावर ठेवायचा, आणि ती गिळेपर्यंत स्वतः तोंड फिरवून बसायचा. तो गेल्यावर उरलेलं पुडकं गावानं तिच्याकडे दिलं.

"मी नाई म्हटलं त्याले," हे सोमी स्वतःच मराठीत म्हणाली. तिला ते मला थेट सांगायचं होतं. "तुमी सांगतलं होतं, तिच्या तिच्या, त्याच्या त्याच्या. तो म्हने, तू खा, बाईनं मले जास्तीच्या देल्ल्या आहेत."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत तो प्रश्न कधीपासून होता कोण जाणे, कदाचित खांबाला टेकलेला तो थंड देह पाहिल्यापासून. एवढी वाट ती औषधासाठी तर चालून आली होतीच, पण त्यासाठीही आली होती.

"देल्ल्या होत्या ना, बाई? जास्तीच्या?"

कौशल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही पुडकी आम्ही दोघींनी मिळून बांधली होती, एकाच मापाची.

"हो," मी म्हटलं. "खूप जास्तीच्या दिल्या होत्या."